पटावरचे गाव : रणगाड्यांचा हल्ला, संरक्षणाची कल्पना आणि डावपेचात्मक युद्धखेळ

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कविता, कथा, नाटक आणि चित्रपट यांचा विचार विपुल केला; खेळाचा विचार मात्र तिने बहुधा लोकसाहित्याच्या किंवा बालमानसशास्त्राच्या खात्यात टाकून दिला. बुद्धिबळाचा पट, दिवाळीतला मातीचा किल्ला आणि त्यावरचे मावळे हे सारे युद्धाचेच अनुकरण आहे, हे आपल्याला ठाऊक असते. तथापि त्या अनुकरणात युद्धाविषयी कोणते विधान केले जाते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नकाशा, सोंगट्या, फासे आणि नियमपुस्तिका यांनी सिद्ध होणारा आधुनिक युद्धखेळ ही एक संहिताच आहे. तिला लेखक आहे, वाचक आहे, आणि काय महत्त्वाचे व काय गौण हे ठरविणारी मूल्यव्यवस्थाही आहे. या खेळांत वारंवार येणारा एक प्रसंग म्हणजे रणगाड्यांच्या हल्ल्यापासून गाव राखणे. प्रस्तुत लेखात त्या प्रसंगाची चिकित्सा केली असून, तिला कसोटी म्हणून १९६५ च्या भारत-पाक युद्धातील खेमकरण-असल उत्तर आणि चविंडा या दोन लढाया घेतल्या आहेत. या दोन्ही लढायांशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. असल उत्तर येथे शर्मन रणगाड्यांच्या डेक्कन हॉर्स या पलटणीचे नेतृत्व अलिबागला जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य करीत होते. चविंड्याच्या आघाडीवर मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांची पूना हॉर्स लढत होती.

पटाची घडण

युद्धखेळाचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर नद्या, डोंगर आणि गावे आणली. प्रशियात राइसवित्झ पिता-पुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात चौकोनी घरे बाजूला सारून प्रत्यक्ष मोजणीच्या नकाशावर खेळ मांडला. या प्रशियन खेळातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही बाजूंना शत्रूच्या सोंगट्या दिसत नसत. जे रणांगणावर दिसले असते तेवढेच पंच त्यांना सांगे. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘टॅक्टिक्स’ प्रसिद्ध केला आणि युद्धखेळ लष्करी शाळेतून घराच्या दिवाणखान्यात आला. या स्थलांतरात पंच गळाला. दोनच माणसे समोरासमोर बसणार, तेव्हा तिसरा कुठून आणायचा? त्यामुळे दोन्ही खेळाडूंना सगळे दिसू लागले. ही वरवर सोयीची वाटणारी तडजोड पुढील पाऊणशे वर्षांच्या युद्धखेळाच्या दृष्टीवर किती परिणाम करून गेली, हे पुढे दिसेलच.

रणगाडा आणि पायदळाची तुकडी या पातळीवर उतरणारा खेळ खऱ्या अर्थाने १९७० मध्ये जेम्स डनिगन यांच्या ‘पॅन्झरब्लिट्झ’ने रूढ केला. त्यात एक षट्कोनी घर अडीचशे मीटरचे आणि एक फेरी सहा मिनिटांची. जॉन हिल यांच्या ‘स्क्वॉड लीडर’मध्ये (१९७७) घर चाळीस मीटरवर आणि फेरी दोन मिनिटांवर आली. संगणकावर ‘स्टील पँथर्स’ (१९९५) आणि ‘कॉम्बॅट मिशन’ (२०००) यांनी हीच परंपरा पुढे नेली. ‘स्टील पँथर्स’च्या आधुनिक युद्धांसाठी जोपासलेल्या आवृत्तीत तर भारत आणि पाकिस्तान या दोन्ही सैन्यांची सामग्री खेळाडूस मिळते. म्हणजे असल उत्तरची लढाई पटावर मांडणे आज कोणालाही शक्य आहे.

या खेळांकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ‘पॅन्झरब्लिट्झ’मधील एका गाजलेल्या उणिवेचे उदाहरण घ्यावे. त्या खेळात गाव किंवा रान यांत दडलेल्या सोंगटीवर, शेजारच्या घरात आपली सोंगटी असल्याखेरीज, मारा करता येत नसे; शिवाय शत्रू आपल्या फेरीत उघड्यावरून धावत असताना त्याच्यावर गोळी झाडण्याची सोयही नव्हती. परिणामी रणगाडे एका रानातून दुसऱ्या रानात सशासारखे पळत आणि त्यांना कोणी काही करू शकत नसे. खेळाडूंनी याची यथेच्छ टिंगल केली. १९७४ च्या ‘पॅन्झर लीडर’मध्ये ही चूक सुधारली गेली : धावत्या शत्रूवर दबा धरलेल्या तुकडीला तत्क्षणी मारा करता येऊ लागला. एका नियमाच्या भरतीने संरक्षणाचा अर्थच बदलला. थांबणे, न झाडणे, शत्रूला जवळ येऊ देणे या गोष्टींना पटावर किंमत आली. संरक्षण म्हणजे भिंतीआड बसणे नव्हे, तर योग्य क्षणापर्यंत हात आवरणे होय, हे या नियमाने जितक्या नेमकेपणाने सांगितले तितके अनेक युद्धकादंबऱ्यांना सांगता आलेले नाही.

असल उत्तर : गाव सोडून केलेले संरक्षण

खेमकरण हे पंजाबातील सीमेलगतचे छोटे शहर, त्या वेळी अमृतसर जिल्ह्यात आणि २००६ पासून तरणतारण जिल्ह्यात. ६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर चढाई केली. खेमकरण भागात मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या डोंगरी डिव्हिजनने इच्छोगिल कालव्याच्या दिशेने केलेली चाल फसली आणि डिव्हिजनच्या काही पलटणी विस्कळीत झाल्या. समोर पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन पॅटन रणगाड्यांसह उभी होती. या परिस्थितीत गुरबक्ष सिंग यांनी खेमकरण राखण्याचा हट्ट धरला नाही. ७ सप्टेंबरच्या रात्री सैन्य मागे घेऊन असल उत्तर या खेड्याभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची मोर्चेबांधणी करण्यात आली : मध्ये पायदळाचे खंदक आणि सुरुंग, बाजूंना उसाच्या आडोशाला रणगाडे. कालव्यांचे पाणी शेतांत सोडण्यात आले. ब्रिगेडियर त्यागराज यांच्या दुसऱ्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे बळ पाठीशी होते. त्या आघाडीवर थर्ड कॅव्हलरीकडे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सकडे जुने शर्मन आणि एट्थ लाइट कॅव्हलरीकडे हलके एएमएक्स-१३ रणगाडे होते.

८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पॅटन रणगाड्यांनी पुनःपुन्हा हल्ले केले. नालेच्या तोंडातून आत शिरलेले रणगाडे दोन्ही बाजूंच्या माऱ्यात सापडले. भिजलेल्या जमिनीत अनेक रुतले. १० तारखेला चीमा गावाजवळ चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पिकाच्या आडून, जागा बदलत, जवळून रणगाडे टिपले आणि त्याच झुंजीत ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. वैद्य यांना महावीरचक्र मिळाले. पुढे १९७१ मध्ये दुसऱ्यांदा तोच बहुमान मिळवून ते १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले. भारतीय नोंदींनुसार या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. भिखीविंडजवळ ते मांडून ठेवले गेले, आणि त्या जागेला ‘पॅटन नगर’ हे नाव पडले. गावाच्या नावावरचा ‘असल उत्तर म्हणजे खरे उत्तर’ हा श्लेषही तेव्हापासूनच लोकप्रिय झाला.

हीच लढाई युद्धखेळाच्या पटावर मांडून पाहिली तर काय दिसते? काही गोष्टी पट अचूक पकडतो. शर्मनची ७६ मिलिमीटरची तोफ आणि पॅटनचे पुढचे चिलखत यांचा तक्ता समोर ठेवला तर डेक्कन हॉर्सचा टिकाव लागणे अवघड, असेच कोणीही म्हणेल. परंतु ‘स्टील पँथर्स’मध्ये पुढचे, बाजूचे आणि मागचे चिलखत वेगवेगळे मोजले जाते, उसाने दृष्टी अडते, त्यामुळे लांब पल्ल्यावर मारण्याचे पॅटनचे श्रेष्ठत्व उसात शिरताच संपते आणि बाजूने, शंभर-दोनशे मीटरवरून, जुना शर्मनही घातक ठरतो. तक्त्यातील आकडा आणि जमिनीवरची परिस्थिती यांतील हे अंतर खेळाडूस स्वतःच्या हाताने चुका करून उमगते. अब्दुल हमीद यांची झाडणे-हलणे-पुन्हा झाडणे ही रीतही पटावर जिवंत होते. येथपर्यंत युद्धखेळ हा इतिहासाचा चांगला शिक्षक आहे.

अडचण सुरू होते ती विजयाच्या अटींपाशी. युद्धखेळात प्रत्येक प्रसंगाला आरंभीच जिंकण्याची अट छापलेली असते आणि गावाच्या संरक्षणाच्या प्रसंगांत ती अट बहुतेक वेळा गावाच्या घरांवरच बेतलेली असते. ‘स्क्वॉड लीडर’च्या अनेक प्रसंगांत शेवटी कोणाच्या ताब्यात किती इमारती आहेत हे मोजतात, ‘स्टील पँथर्स’मध्ये नकाशावर झेंड्यांची घरे असतात आणि प्रत्येक झेंड्याला गुण असतात. खेमकरणच्या नकाशावर असे झेंडे कोठे लागतील? शहराच्या घरांवरच लागतील, यात शंका नाही. मग ७ सप्टेंबरच्या रात्री गुरबक्ष सिंग यांनी जे केले ते पटाच्या भाषेत शरणागतीच ठरते. कोणताही कसलेला खेळाडू पहिल्या फेरीत झेंडे सोडून मागे सरणार नाही. त्याला ते परवडणारच नाही. खेळ त्याला गावाला चिकटून राहायला शिकवतो, आणि गावाला चिकटून राहिले असते तर विस्कळीत झालेली ती डिव्हिजन अर्धवट खणलेल्या खंदकांत पॅटनच्या तोंडी सापडली असती.

यावर कोणी म्हणेल की ‘स्टील पँथर्स’सारखे खेळ नष्ट केलेल्या रणगाड्यांनाही गुण देतात, त्यामुळे गाव गमावूनही संरक्षक जिंकू शकतो. हे खरे आहे, परंतु त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. झेंड्याला किती आणि रणगाड्याला किती हे प्रमाण प्रसंग लिहिणाऱ्याने आधीच ठरविलेले असते, आणि खेळाडू ते प्रमाण पाहूनच खेळतो. गुरबक्ष सिंग यांच्यापुढे असे कोष्टक नव्हते. गाव सोडल्याने काय साधेल हे त्यांना स्वतःच ठरवायचे होते आणि त्या निर्णयाची किंमत नंतर कळणार होती. सेनापतीच्या कामातला सर्वांत कठीण भाग म्हणजे विजय कशाला म्हणायचे हे ठरविणे. आणि नेमका तोच भाग खेळ पुस्तिकेत छापून खेळाडूच्या हातून काढून घेतो.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले, घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे अडून राहिले, ही कथा शाळेच्या पुस्तकापासून प्रत्येकाच्या परिचयाची आहे. खिंडीतल्या लढाईची अट जागा राखण्याची नव्हतीच. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंतचा वेळ राखायचा होता. आणि पन्हाळा? तो त्याच वर्षी आदिलशाहीकडे गेला व १६७३ मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले. किल्ल्यांची घरे मोजणाऱ्या पटावर या दोन्ही घटना निखळ पराभव ठरल्या असत्या. ज्या समाजाच्या स्मृतीत गड देऊन राज्य राखण्याचा इतका ठळक वस्तुपाठ आहे, त्या समाजातल्या वाचकाने परक्या पटावरची ‘घर म्हणजे गुण’ ही व्यवस्था निमूटपणे स्वीकारावी, याचे नवल वाटते.

चविंडा : पट जेथे जुळतो

या आक्षेपाला अपवादही लक्षात घेतला पाहिजे, आणि तो सीमेपलीकडचा आहे. सियालकोट आघाडीवरील चविंडा या रेल्वेमार्गावरच्या गावाच्या दिशेने भारताच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने सप्टेंबर १९६५ मध्ये हल्ले केले. ८ सप्टेंबरला गडगोर येथे पाकिस्तानच्या पंचविसाव्या कॅव्हलरीने लेफ्टनंट कर्नल निसार अहमद खान यांच्या नेतृत्वाखाली भारतीय रणगाड्यांची पहिली मुसंडी रोखली. पूना हॉर्सने ११ तारखेच्या फिल्लोऱ्याच्या लढाईत यश मिळविले. तारापोर जखमी झाले, पण त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. १६ सप्टेंबरला बुतूर डोगरांडीच्या परिसरातील लढतीत त्यांना वीरमरण आले आणि त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. चविंडा मात्र पडले नाही. गाव, रेल्वेचा भराव आणि आसपासची खेडी यांच्या आधाराने संरक्षकांनी ते राखले.

चविंड्याची लढाई युद्धखेळाच्या साच्यात जवळजवळ हुबेहूब बसते. येथे गाव हेच खरोखर कुलूप होते; ते उघडले तर मागचा रेल्वे आणि रस्त्यांचा प्रदेश मोकळा होत होता. घरांवर झेंडे लावून हा प्रसंग मांडला तर तो इतिहासाशी इमान राखील. तेव्हा दोष झेंड्यांचा नाही. प्रत्येक गावाला चविंडा समजण्याचा आहे. युद्धखेळाचा आणखी एक गुण येथे नोंदविला पाहिजे. पट फिरवून बसता येते. पूना हॉर्सचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रातील तरुणाला चविंड्याच्या संरक्षकाच्या खुर्चीत बसून, आपल्याच पलटणीचे सेंच्युरियन येताना पाहून, त्यांना कसे अडवावे याचा विचार करावा लागतो. आपल्याकडील युद्धविषयक लेखनाने ही खुर्ची वाचकाला क्वचितच दिली आहे.

छापलेले धैर्य

मनोधैर्याच्या बाबतीत मात्र पट अधिक उघडा पडतो. ‘स्क्वॉड लीडर’च्या प्रत्येक सोंगटीवर मनोधैर्याचा आकडा छापलेला असतो. मारा झाला की फासे टाकायचे. आकड्यापेक्षा अधिक दान पडले तर तुकडी मोडते आणि तिला सावरायला नायक पाठवावा लागतो. तुकड्या शेवटच्या माणसापर्यंत लढतात ही भाबडी समजूत या नियमाने मोडीत काढली, म्हणून तो आपल्या काळी क्रांतिकारक मानला गेला. पण आकडा छापलेला आहे, ही त्याची मर्यादाही आहे. चौथ्या डोंगरी डिव्हिजनचे काय करायचे? ६ आणि ७ सप्टेंबरला तिच्या काही पलटणी मोडल्या होत्या. त्याच डिव्हिजनच्या खंदकांवरून ८ तारखेला पॅटन रणगाडे पुढे निघून गेले, तरी पायदळ खंदकात बसून राहिले आणि मागून येणाऱ्या शत्रूच्या पायदळाला त्याने रोखले. सोंगटीवर कोणता आकडा छापावा, सहाचा की नऊचा? दोन्ही खरे आहेत आणि त्यांच्यात फक्त एका रात्रीचे अंतर आहे. त्या रात्रीत खणलेले खंदक, पेरलेले सुरुंग, बाजूला उभे असलेले आपले रणगाडे आणि ‘येथून मागे जायचे नाही’ हा स्पष्ट हुकूम, एवढाच काय तो फरक. धैर्य हा माणसाचा गुण असतो तितकाच तो व्यवस्थेचाही असतो, हे असल उत्तर सांगते. सोंगटी ते सांगू शकत नाही.

‘अॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’मध्ये (१९८५) तर वीर घडविण्याचाही नियम आहे. मनोधैर्याच्या कसोटीत दोन्ही फाशांवर एक-एक पडला की तुकडीच्या बाबतीत विशेष तक्ता पाहायचा. त्यातून कधी वीर निपजतो, कधी तुकडी बेभान होऊन धावत सुटते. कल्पना मोहक आहे. युद्धात शौर्य कोठून आणि कधी उगवेल हे सांगता येत नाही, हे तिला मान्य आहे. परंतु पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी जरपाल येथे पेटलेल्या रणगाड्यातून बाहेर येण्याचा वरिष्ठांचा आदेश नाकारून लढत राहिले, ते फाशाच्या दानासारखे होते काय? ते पूना हॉर्सचेच. तारापोरांच्या मरणाला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. पलटणीची परंपरा, विशीतल्या मुलाचा हट्ट, समोर चालून येणारे पॅटन आणि आपली तोफ अजून चालते आहे ही जाणीव, यांतून तो नकार आला. पटावर सोंगटी आज्ञा मोडते ती केवळ भीतीने किंवा बेभानपणाने. शुद्धीवर राहून, समजून उमजून आज्ञा मोडण्याला नियमपुस्तिकेत घर नाही. असा नियम करता येईल, असेही वाटत नाही. निदान तो नसल्याची जाणीव तरी पुस्तिकेने ठेवावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

दृष्टीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पंच गेल्यावर खेळाडू आभाळातून पाहू लागला. संगणकाने लपलेल्या सोंगट्या परत आणल्या खऱ्या, तरी आपल्या स्वतःच्या तुकड्या कोठे आहेत हे खेळाडूला नेहमीच अचूक दिसते. असल उत्तरच्या उसात हे कोणालाच दिसत नव्हते. ‘कॉम्बॅट मिशन’ने या बाबतीत एक चांगली योजना केली : दोन्ही बाजूंनी आधी हुकूम द्यायचे आणि मग पुढचे एक मिनिट काहीही करता न येता केवळ पाहत राहायचे. त्या साठ सेकंदांत आपला रणगाडा चुकीच्या बांधावर चढताना पाहणे आणि त्याला थांबविता न येणे, हा सेनापतित्वाचा सर्वांत प्रामाणिक अनुभव या खेळांनी आजवर दिला आहे. लष्करी शिक्षणात आजही वापरल्या जाणाऱ्या वाळूच्या नकाशाभोवती शिक्षक उभा असतो आणि तो प्रश्न विचारत राहतो. राइसवित्झांचा पंच त्या रूपाने तेथे टिकून आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील चिलखती दलाच्या केंद्राजवळच्या रणगाडा संग्रहालयात पकडलेला पॅटन उभा आहे. त्याच्यासमोर उभे राहिले म्हणजे षट्कोनी घरातली पाऊण इंचाची सोंगटी किती गोष्टी वगळते, ते डोळ्यांना सहज कळते.

ज्यांची सोंगटी नाही

गाव सोडण्याचा निर्णय लष्करी दृष्टीने योग्य होता, असे वर म्हटले. पण तो कोणासाठी योग्य होता, हाही प्रश्न समीक्षेने टाळू नये. युद्धविराम झाला तेव्हा असल उत्तर भारताकडे आणि खेमकरण पाकिस्तानच्या ताब्यात होते. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर, त्याच वर्षी फेब्रुवारीत सैन्ये मागे गेली तेव्हा ते परत मिळाले. मधले पाच महिने ज्यांचे घर त्या शहरात होते त्यांच्या दृष्टीने ‘पॅटन नगर’चा विजय आणि स्वतःचे उघडे पडलेले घर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. झेंड्याच्या घरांना गुण देणारा पट सेनापतीवर अन्याय करतो, हे खरे. पण झेंडा काढून टाकला तर गावावर अन्याय होतो. कारण मग गाव म्हणजे निव्वळ आडोसा उरतो. ‘स्क्वॉड लीडर’मध्ये दगडी इमारत म्हणजे माऱ्याच्या दानात तीन अधिक, लाकडी म्हणजे दोन अधिक. त्या इमारतीत कोण राहत होते हे विचारण्याची सोय नाही.

‘पॅन्झरब्लिट्झ’च्या नकाशावरची गावे खरी नाहीत, पण त्यांना रशियन भाषेतली नावे दिलेली आहेत. ओपुस्तोशेनिया, उझास, बेदनोस्त. रशियन न जाणणाऱ्या खेळाडूने ती नावे वर्षानुवर्षे सहज उच्चारली. त्यांचे अर्थ उजाडणे, भयंकर भीती आणि दारिद्र्य असे आहेत. पट रचणाऱ्याला गावाचे काय होते हे ठाऊक होते. नियमांत त्याने ते आणले नाही, नकाशावर मात्र कोरून ठेवले. संपूर्ण खेळातला हा एकमेव शोकस्वर असावा आणि तोही परक्या भाषेत दडलेला. युद्धखेळाच्या संहितेचे वाचन केवळ नियमांपुरते करून भागत नाही, ते यासाठी.

आपल्या परिसराचे एखादे गाव पटावर आणले म्हणजे ही वजाबाकी अधिक जवळून दिसते. कळमेश्वर घ्यावे. नागपूर-इटारसी लोहमार्ग, काटोलकडे जाणारा रस्ता, जुनी वस्ती, औद्योगिक वसाहत आणि भोवती काळी जमीन व संत्र्याच्या बागा. प्रसंग लिहिणाऱ्याचे काम एका दुपारचे आहे. लोहमार्गाचा भराव चविंड्याप्रमाणे संरक्षकाला आडोसा देईल. सप्टेंबरचा महिना धरला तर काळ्या मातीत रणगाडा रुततो की नाही यासाठी फासे टाकावे लागतील. असल उत्तरला जे काम कालव्याच्या पाण्याने केले ते येथे पावसाने आपोआप केलेले असेल. जुनी वस्ती दाट, म्हणून रिकॉइललेस तोफेला जागा बदलायला गल्ल्या भरपूर. संत्र्याची बाग दृष्टी अडवील आणि तिच्यातून रणगाडा काढायला एखाद-दुसरा चालगुण जास्त मोजावा लागेल. मातीचा चिकटपणा, भरावाची उंची, बागेची दाटी हे सारे तक्त्यात नीट बसते. संत्र्याचे झाड लावल्यापासून फळ धरायला पाच-सहा वर्षे घेते, याला तक्त्यात रकाना नाही. बाग ओलांडून गेलेल्या रणगाड्याची फेरी संपली की त्या घरात काय शिल्लक राहिले हे कोणी नोंदवीत नाही, आणि पुढच्या डावासाठी नकाशा घडी घालून ठेवला जातो तेव्हा बाग पुन्हा जशीच्या तशी हिरवी छापलेली असते.